भांडवली अरिष्टात समाजवाद्यांनी संघटना कशी बांधावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटबैठकीत, अभ्यासवर्गात, संपाच्या काळात रात्री उशिरा चहा पिताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. कधी नवखे विचारतात, कधी वीस वर्षं चळवळीत घालवलेले थकलेले साथी विचारतात. खालची उत्तरं एका कार्यकर्त्याची आहेत. ती तटस्थ नाहीत. समाजवाद हवा आहे, हे गृहीत धरूनच ती लिहिली आहेत.

अरिष्ट आलं की लोक आपोआप डावीकडे वळतात ना?

नाही. या एका समजुतीने आपलं जितकं नुकसान केलं, तितकं पोलिसांनीही केलं नसेल.

जर्मनीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. १९२८ साली नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं होती. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट हे दोन डावे पक्ष मिळून ४० टक्क्यांच्या आसपास होते. त्यांच्यामागे युनियन होत्या, वर्तमानपत्रं होती, कामगारांची वाचनालयं आणि क्रीडामंडळं होती. मग महामंदी आली, बेरोजगारांचा आकडा ६० लाखांवर गेला आणि जुलै १९३२ मध्ये नाझी ३७ टक्क्यांवर पोचले. ज्या देशातली कामगार चळवळ जगात सर्वांत भक्कम मानली जायची, तिथे हे घडलं.

नोकरी गेलेला माणूस आधी घाबरतो. तो स्वतःला दोष देतो, मग शेजाऱ्याला देतो, मग परक्याला. त्याच्या रागाला मालकवर्गाकडे बोट दाखवणारी दिशा मिळायची असेल, तर ती दाखवणारं ओळखीचं माणूस त्याच्या रोजच्या वाटेवर उभं असायला हवं. पत्रकातून आलेल्या अनोळखी माणसावर भीतीच्या काळात कुणी विश्वास ठेवत नाही.

मुळात 'भांडवली अरिष्ट' म्हणजे काय? महागाई म्हणजेच अरिष्ट का?

महागाई हे त्याचं एक रूप असू शकतं. अरिष्टाचं खास लक्षण वेगळं आहे: माल आहे, यंत्रं आहेत, काम करायला हात आहेत आणि गरजूही आहेत, पण नफा दिसत नाही म्हणून सगळं ठप्प आहे. घरं रिकामी आणि माणसं रस्त्यावर. २००८ नंतर अमेरिकेत आणि स्पेनमध्ये नेमकं हेच दिसलं. पूर किंवा दुष्काळ आला तर वस्तूच नसतात. इथे वस्तूंचे ढीग असतात आणि ते विकत घेणाऱ्यांचे खिसे रिकामे असतात, कारण मजुरी दाबूनच तो नफा कमावलेला असतो. कर्जाच्या जोरावर काही वर्षं हा खेळ लांबवता येतो. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक कोसळली, तेव्हा लांबवण्याची सोय संपली.

लोकांशी बोलताना एवढं पुरतं. नफ्याच्या दराच्या घसरणीवरचा वाद अभ्यासवर्गासाठी ठेवा. तो वाद महत्त्वाचा आहे, पण ज्याच्या घरावर जप्ती आली आहे त्याच्या दारात तो उघडू नका.

सुरुवात कुठून करायची?

जिथे नोटीस येते तिथून. घर खाली करण्याची नोटीस, कामावरून कमी केल्याची, वीज तोडण्याची. अरिष्ट लोकांच्या आयुष्यात शेअर बाजाराच्या आलेखातून शिरत नाही, पाकिटातून शिरतं.

एका बैठकीत आलेल्या बाई मला आजही आठवतात. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत बँकेची सात-आठ पत्रं, सगळी बंद. भीतीपोटी त्यांनी ती महिनोन्महिने उघडलीच नव्हती. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईंनी काही न बोलता पिशवी मांडीवर घेतली, तारखांप्रमाणे पाकिटं लावली आणि पहिलं फोडलं. "हे मलाही आलं होतं," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी भाषण झालं नाही. पण पुढच्या आठवड्यात पिशवीवाल्या बाई आपल्या बहिणीला घेऊन आल्या.

स्पेनमधल्या गहाणखतग्रस्तांच्या मंचाने हीच गोष्ट पद्धतशीरपणे केली. हा मंच फेब्रुवारी २००९ मध्ये बार्सिलोनात सुरू झाला. तिथल्या कायद्याप्रमाणे हप्ते थकले की घर जायचं आणि वर कर्जाचा उरलेला भागही डोक्यावर राहायचा. दर आठवड्याला सभा भरायची. नवा माणूस उठून आपली हकीकत सांगायचा आणि त्याला सल्ला द्यायचे ते त्याच वाटेने गेलेले लोक. कालचा पीडित आज सल्लागार व्हायचा, परवा दुसऱ्याच्या दारात साखळी करून जप्ती अडवायचा. पुढे त्यांनी कायदा बदलण्यासाठी सुमारे १४ लाख सह्या गोळा केल्या. गरज ५ लाखांची होती. सरकारने तो प्रस्ताव पातळ करून टाकला, पण 'हप्ते थकले ही माझी लाज' ही भावना देशभर पुसली गेली. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कमाई तीच.

बेरोजगारांची संघटना टिकते का?

कठीण असतं. कारखान्यातल्या कामगारांना एक गेट असतं, एक पाळी असते, एक मालक असतो. बेरोजगार विखुरलेले असतात आणि सर्वांत चांगला कार्यकर्ता नोकरी मिळाली की निघून जातो. म्हणून ही संघटना कायमची टिकेल ही अपेक्षाच ठेवू नये. ती दोन-तीन वर्षांत काय करून जाते, ते पाहावं.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेरोजगार समित्या उभ्या राहिल्या. घरमालकाने कुटुंबाचं सामान रस्त्यावर काढलं की समितीचे लोक येऊन ते उचलून परत आत ठेवायचे. १९३३ पर्यंत तिथला दर चौथा कामगार बेकार होता, त्यामुळे उचलायला हात कमी नव्हते. मदत कचेरीसमोर एकट्याने रांगेत उभं राहण्याऐवजी पन्नास जण एकत्र आत जायचे.

खरं फळ मात्र १९३४ मध्ये टोलेडो शहरात दिसलं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला आणि कोर्टाने गेटवरच्या निदर्शकांवर बंधनं घातली. संपकरी चाचरत होते. तेव्हा स्थानिक बेरोजगार संघटनेने कोर्टाचा हुकूम उघडपणे मोडला आणि हजारो बेकारांनी गेटवर गर्दी केली. विचार करा: याच लोकांना संपफोडे म्हणून आत घेता येईल, असा मालकांचा हिशेब असतो. आधी शेजारीपाजारी झालेल्या कामामुळे तो हिशेब उलटला. नॅशनल गार्ड या राज्याच्या सैन्यदलाच्या गोळीबारात दोघांचे जीव गेले, पण कंपनीला युनियनशी करार करावा लागला.

मंदीत संप म्हणजे हातचं काम घालवणं नाही का?

कधी कधी तसंच असतं आणि हे कामगारांपासून लपवू नये. गोदाम भरलेलं असतं तेव्हा मालकाला संप हवाच असतो. त्याला पगार न देता उत्पादन थांबवता येतं. अशा वेळी संपाची हाक देणारा नेता शूर नसतो, बेजबाबदार असतो. गोदामात किती माल पडून आहे, पुढची ऑर्डर कधीची आहे, कोणता भाग फक्त इथेच बनतो, याची माहिती आधी काढा. ती माहिती मालगाडी भरणाऱ्याकडे आणि हिशेबनीसाकडे असते, म्हणून दोघेही युनियनमध्ये हवेत.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या कामगारांनी हेच केलं. १९३६ च्या उन्हाळ्यात तिथे युनियनचे सभासद मोजके होते आणि त्यांतही कंपनीचे खबरे. विंडहॅम मॉर्टिमर नावाच्या संघटकाने सभा घेणं टाळलं. तो घरोघरी जाऊन माणसं जोडत राहिला. गाड्यांच्या सांगाड्यांचे साचे मोजक्याच ठिकाणी होते, त्यांतलं एक फ्लिंटमध्ये होतं. ३० डिसेंबर १९३६ ला कामगार यंत्रं थांबवून आतच बसले. बाहेर संप केला असता तर त्यांच्या जागी दुसरे आले असते. आत बसल्यामुळे ते शक्य नव्हतं, शिवाय यंत्रांची नासधूस होईल म्हणून मालकही कचरत होते.

आत शिस्त कडक होती. साफसफाईच्या पाळ्या, दारूबंदी, रोजची सभा. बाहेरून जेवण येत होतं. ११ जानेवारीला कंपनीने आतली उष्णता बंद केली आणि पोलीस घुसू पाहत होते. कामगारांनी त्यांना गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या आणि पाण्याचे पाइप घेऊन परतवलं. त्यानंतर बायकांनी आपलं स्वतःचं पथक उभारलं आणि पुढच्या चकमकींत त्या पोलीस आणि गेट यांच्या मधे उभ्या राहिल्या. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ ला, कंपनीने युनियनला मान्यता दिली. राज्याच्या गव्हर्नरने सैन्य पाठवून कारखाना रिकामा करायला नकार दिला होता, हेही या विजयाचं एक कारण आहे. ते गाळून गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याची फसवणूक होते.

काळाचा क्रमही पाहा. मंदीच्या तळाशी, १९३० ते १९३२ मध्ये, अमेरिकेत मोठे संप फारसे झाले नाहीत. लढाई तेव्हा वस्त्यांत होती. उत्पादन थोडं सावरलं आणि कामगाराला आपण पुन्हा हवे आहोत हे जाणवलं, तेव्हा संपाची लाट आली.

अन्नवाटप, दवाखाना हे करणं म्हणजे समाजसेवा. त्यात समाजवाद कुठे आला?

हा प्रश्न विचारणाऱ्या साथींची कळकळ मला समजते. पण ग्रीसमध्ये काय झालं ते पाहा. खर्चकपातीच्या वर्षांत दीर्घकाळ बेकार राहिलेल्यांचा आरोग्यविमा संपला. डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून विनामूल्य दवाखाने सुरू केले. नागरिक, स्थलांतरित, निर्वासित, सगळ्यांसाठी. त्याच काळात गोल्डन डॉन हा नवनाझी पक्ष 'फक्त ग्रीकांसाठी' म्हणून अन्न वाटत होता. मे २०१२ मध्ये त्याला जवळजवळ ७ टक्के मतं पडली. पोकळी राहिली की ती कोण भरतं, ते इथे कळतं.

मदत आणि दान यांतला फरक व्यवहारात दिसतो. वाटप कोण ठरवतं? रांगेतला माणूस पुढच्या महिन्यात स्वयंपाकघरात असतो की रांगेतच? आणि 'हे सरकारने करायला हवं' ही मागणी घेऊन तेच लोक कचेरीवर जातात का? १९३४ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या ट्रकचालकांनी संपाच्या मुख्यालयात स्वयंपाकघर चालवलं, जखमींसाठी छोटं रुग्णालय ठेवलं आणि रोजचं वर्तमानपत्र काढलं. तिथे स्वयंपाक हा लढ्याचाच भाग होता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांनी राज्याच्या सगळ्या ५५ काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, शाळा बंद केल्या. शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी त्यांनी आधी डबे भरले, मग संप केला. पालक त्यांच्या बाजूने राहिले.

बंद पडलेला कारखाना कामगारांनी ताब्यात घेऊन चालवावा का?

जमत असेल तर जरूर. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात बँकांतले पैसे गोठले, सरकार पडलं आणि मालक कारखाने सोडून निघून गेले. ब्युनोस आयर्समधल्या ब्रुकमन कापड कारखान्यातल्या कामगारांनी, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, यंत्रं स्वतः सुरू केली. नेउकेन प्रांतातल्या झानोन या फरशांच्या कारखान्यात २००२ पासून कामगारांनी उत्पादन सुरू केलं. निर्णय सभेत होत, आणि नव्या जागा भरताना बेरोजगार चळवळीतल्यांना घेतलं गेलं. जवळच्या वस्तीसाठी त्यांनी आरोग्य केंद्रही बांधलं. म्हणूनच पोलीस कारखाना रिकामा करायला आले तेव्हा वस्ती रस्त्यावर उतरली. २००९ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने कारखाना कायदेशीररीत्या त्यांच्या हाती दिला.

अडचणीही सांगतो. कच्चा माल उधारीवर मिळत नाही, यंत्रं जुनी असतात, आणि बाजारात टिकण्यासाठी कामगार स्वतःचंच शोषण करू लागतात. मोठी सहकारी संस्थाही यातून सुटत नाही. स्पेनच्या बास्क भागात १९५६ पासून वाढत गेलेल्या मोंद्रागोन सहकारी समूहातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. खासगी कंपनीत असं सहसा होत नाही. पण मंदीला सहकारी संस्था हे औषध नव्हे. मी तिला शाळा मानतो. मालकाशिवाय कारखाना चालतो, हे तिथे हातांना कळतं.

मागण्या छोट्या ठेवाव्यात की थेट व्यवस्था बदलण्याच्या?

आजची गरज भागवणारी आणि 'हे ठरवायचं कुणी?' हा प्रश्न उभा करणारी मागणी शोधा. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या लुकास एअरोस्पेस या विमानांचे आणि शस्त्रांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामगारकपातीची टांगती तलवार होती. वेगवेगळ्या कारखान्यांतल्या प्रतिनिधींच्या संयुक्त समितीने बाहेरच्या तज्ज्ञांना पत्रं लिहिली. फारसा प्रतिसाद आला नाही. मग त्यांनी आपल्याच कामगारांना विचारलं: आपली यंत्रं आणि कौशल्य वापरून समाजाला लागणारं आणखी काय बनवता येईल? १९७६ मध्ये सुमारे १५० उत्पादनांचा आराखडा तयार झाला. त्यात उष्मापंप होते, डायलिसिस यंत्रं होती, वीज आणि इंधन दोन्हींवर चालणारी वाहनं होती. व्यवस्थापनाने तो फेटाळला. पण 'नोकऱ्या वाचवा' म्हणणं आणि 'शस्त्रांऐवजी हे बनवू, हा घ्या नकाशा' म्हणणं यांत किती अंतर आहे पाहा.

निवडणूक लढवावी का?

लढवावी. पण सरकार मिळणं आणि सत्ता मिळणं एक नाही, हे ग्रीसच्या सिरिझा या डाव्या पक्षाने फार महागात शिकवलं. २००९ मध्ये ४.६ टक्के मतं असलेला हा पक्ष जानेवारी २०१५ मध्ये ३६ टक्क्यांवर जाऊन सरकारमध्ये बसला. जूनअखेर बँका बंद झाल्या आणि दिवसाला ६० युरोंपेक्षा जास्त काढता येईना. तशाही स्थितीत ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी देशाला कर्ज देणाऱ्यांच्या खर्चकपातीच्या अटींना नकार दिला. आठवड्याभरात सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या.

'गद्दारी' म्हणून विषय संपवणं सोपं आहे. मला जास्त छळणारा प्रश्न हा आहे की बँका बंद पडल्यावर अन्न, औषधं, इंधन, पगार कसे चालू ठेवायचे याची तयारी कुठे होती? बंदर, वीज, बँक, रुग्णालय इथल्या कामगारांच्या संघटना ते चालवायला सज्ज होत्या का? तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. निवडून आलेल्या प्रतिनिधींना संघटनेला उत्तर द्यावं लागेल, पगाराचा भाग संघटनेत भरावा लागेल आणि पहिल्या फळीतले सगळेच कार्यकर्ते कचेऱ्यांत गडप होणार नाहीत, एवढं निवडणुकीआधी ठरवा. नंतर ते ठरत नाही.

डाव्या गटांची एकजूट कधी होणार?

सगळ्या गटांचा एकच पक्ष होईल याची वाट पाहू नका. एका प्रश्नावर, एका जप्तीवर, एका गेटवर एकत्र उभं राहता येतं, आणि वाद तसेच चालू ठेवता येतात.

नोव्हेंबर १९३२ मध्ये जर्मन संसदेत नाझींना १९६ जागा होत्या. सोशल डेमोक्रॅट १२१ आणि कम्युनिस्ट १००, म्हणजे दोघे मिळून २२१. कम्युनिस्ट नेतृत्व सोशल डेमोक्रॅटांना 'सामाजिक फॅसिस्ट' म्हणत होतं आणि १९३१ मध्ये त्यांचं प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यातलं सरकार पाडण्यासाठी नाझींनी पाठिंबा दिलेल्या सार्वमतात सामील झालं होतं. सोशल डेमोक्रॅट नेतृत्व खर्चकपात करणाऱ्या सरकारला सहन करत बसलं. २ मे १९३३ ला देशभरातल्या युनियन कचेऱ्या नाझींनी ताब्यात घेतल्या. छळछावणीत दोन्हींचे कार्यकर्ते शेजारी शेजारी होते. हे आकडे वाचताना आजही माझा गळा दाटतो.

त्याच १९३३ मध्ये स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅटांनी शेतकऱ्यांच्या पक्षाशी समझोता केला. शेतमालाच्या भावाला आधार आणि बेकारांना बाजारदराने मजुरी असलेली कामं. शहरातल्या कामगाराला लोणी महाग पडलं, पण चिडलेला छोटा शेतकरी फॅसिस्टांच्या हाती गेला नाही.

चौक व्यापून बसणं, सोशल मीडिया यांचा उपयोग होतो का?

लक्ष वेधायला होतो. न्यूयॉर्कमधलं बँका आणि अतिश्रीमंतांविरुद्धचं ऑक्युपाय आंदोलन १७ सप्टेंबर २०११ ला सुरू झालं आणि १५ नोव्हेंबरला पोलिसांनी आंदोलकांनी व्यापलेलं उद्यान रिकामं केलं. 'आम्ही ९९ टक्के' हे शब्द जगभर गेले, पण उद्यान गेल्यावर लोकांना भेटायला जागा उरली नाही. गर्दी जमली की त्याच दिवशी नाव, फोन, राहण्याचा भाग आणि कामाचं ठिकाण लिहून घ्या. आठवड्याच्या आत प्रत्येकाला कुणीतरी फोन करायला हवा.

आमची शाखा मोडकळीला आली आहे. पाच-सहा जण उरलो आहोत. पुनर्बांधणी कशी करायची?

आधी हिशेब. वर्गणी, पावतीपुस्तक, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे इथपासून. सभासदांनी दिलेल्या पैशावर चालणारी संघटनाच सभासदांची राहते. रक्कम लहान असू द्या, पण ती दर महिन्याला, पावती देऊन, प्रत्यक्ष भेटून घ्या. वर्गणीच्या निमित्ताने होणारी ती दहा मिनिटांची भेट हाच संघटनेचा श्वास आहे.

मग इतिवृत्त. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढची बैठक तिथूनच सुरू करा.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड. बहुतेक शाखा दमनाने मोडत नाहीत. एकच माणूस सगळं करतो, बाकीचे ऐकतात, बायका चहा करतात आणि निरोप पोचवतात, छेडछाडीची तक्रार 'चळवळीची बदनामी नको' म्हणून दाबली जाते. तक्रार ऐकायला दोघांची समिती नेमा, त्यात नेत्याच्या जवळचं कुणी नको. अध्यक्षपद आळीपाळीने फिरवा. बैठक दोन तासांत संपवा. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला येता येईल अशी वेळ ठेवा. आणि जुन्या पराभवाबद्दल एकदा बसून मोकळेपणाने बोला. न बोललेला पराभव प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या आड येतो.

पहिल्या बैठकीला चारच जण आले तर?

तर चौघांनी बसावं. खुर्च्या गोल करा. न आलेल्यांबद्दल तक्रार करू नका, कारण ती ऐकायला आलेलेच बसलेले असतात. प्रत्येकाला विचारा: तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा इमारतीत या महिन्यात कुणाला नोटीस आली? बहुधा दोन तरी नावं निघतात. त्यांच्याकडे कोण जाणार ते ठरवा, शक्यतो दोघांनी मिळून जावं, आणि रविवारच्या आत. पाकीट बंद असेल तर सोबत बसून उघडा.